ऐकतो नर, चावते मादी

बडोद्यात कारेलीबागेतल्या एका सोसायटीच्या चिटणीसांनी विचारलं आहे: पावसाळा सरताना त्यांच्याकडे डेंगीचे काही रुग्ण झाले. सभेत ठराव आला की प्रत्येक जिन्यात डास पळवणारं एकेक अल्ट्रासॉनिक यंत्र लावावं आणि अगाशीवर एक मोठं. त्यावर एका सभासदांनी हरकत घेतली की डासाला मुळात कानच नसतात, मग आवाज ऐकवायचा कुणाला? शिवाय चिटणीसांचा नातू आठवीत आहे, त्याला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात याच विषयावर काहीतरी करून दाखवायचं आहे. तर डासाला ऐकू येतं का, यंत्र घ्यावं का आणि नातवाने काय करावं?

डासाला ऐकू येतं आणि फार चांगलं येतं. यंत्र घेऊ नका. नातवाला प्रयोग जरूर करू द्या, तो यंत्रापेक्षा स्वस्त पडेल आणि त्यातून यंत्र का चालत नाही तेही कळेल. माझी नोकरी डासांच्या अळ्या शोधण्यात आणि मोजण्यात गेली, त्यामुळे या विषयावर बोलायला लागलो की थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हरकत घेणाऱ्या सभासदांचं एका अर्थी बरोबर आहे. आपल्यासारखा पडदा असलेला कान डासाला नसतो. त्याचा कान मिशांच्या बुडाशी असतो. भिंग घेऊन नर डासाकडे पाहिलंत तर त्याच्या मिशा बाटली धुवायच्या ब्रशासारख्या झुबकेदार दिसतील. मादीच्या मिशांवर तुरळक केस असतात. मिशी जिथे डोक्याला जोडलेली असते तिथे एक फुगीर, वाटोळा पेर असतो. बाल्टिमोरच्या ख्रिस्तोफर जॉन्स्टन या डॉक्टरांनी १८५५ साली हा पेर तपासून लिहिलं की हे ऐकण्याचं इंद्रिय असावं. आजही त्याला जॉन्स्टनचं इंद्रिय म्हणतात. डेंगी पसरवणाऱ्या एडिस जातीच्या नराच्या या एवढ्याशा पेरात सुमारे १५ हजार संवेदी पेशी असतात. माणसाच्या एका कानाच्या शंखात ध्वनी टिपणाऱ्या केसपेशीही जवळपास तितक्याच. मादीकडे नराच्या साधारण निम्म्या. जॉन्स्टननंतर जेमतेम वीस वर्षांत, १८७४ साली, अल्फ्रेड मेयर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी डासाला सूक्ष्मदर्शकाखाली चिकटवून शेजारी नादकाटे वाजवले. ५१२ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५१२ कंपनांच्या काट्याला मिशीवरचे काही केस जोरात थरथरले, बाकीच्या काट्यांना तेवढे नाही. डास ऐकतो, आणि निवडून ऐकतो, हे त्या दिवसापासून ठाऊक आहे.

आता एक फरक लक्षात घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्या कानाचा पडदा हवेचा दाब मोजतो. डासाची मिशी दाब मोजत नाही, हवेचे कण पुढेमागे हलतात त्यांच्याबरोबर ती स्वतः डोलते. ध्वनीच्या उगमापाशी ही हालचाल मोठी असते आणि दूर जाताना झपाट्याने विरते. म्हणून बरीच वर्षं समज होता की डासाला वीतभर अंतरापलीकडचं काही ऐकू येत नाही. २०१९ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि बिंगहॅम्टन विद्यापीठांच्या लोकांनी तो खोटा ठरवला. सूर योग्य पट्टीतला असेल तर एडिस नर १० मीटरवरूनही त्याला प्रतिसाद देतो. ती पट्टी साधारण १५० ते ५०० हर्ट्झची आहे, म्हणजे आपल्या बोलण्यातलेही बरेच सूर त्याच्या कानावर पडत असणार. वरची मर्यादा मात्र २,००० हर्ट्झच्या आसपास संपते. हा आकडा यंत्रवाल्याशी बोलताना लागेल.

डास आपल्या तोंडाने गात नाही. त्याची भुणभुण म्हणजे पंखांची फडफड. एडिस मादीचे पंख सेकंदाला साधारण ४०० ते ५०० वेळा हलतात. नर अंगाने लहान, त्याचे ६०० ते ७०० आणि त्याहूनही जास्त. बडोद्याच्या मराठी घरात हार्मोनियम शोधावी लागत नाही, तेव्हा ऐकूनच बघा. पांढरी एक षड्ज धरला तर मध्य सप्तकाचा शुद्ध धैवत ४४० हर्ट्झच्या आसपास येतो, ती एडिस मादी. तार सप्तकाच्या रिषभापासून मध्यमापर्यंत नर हिंडतो. हा सूर कायमचा ठरलेला नसतो. हवा तापली की पंख वेगाने हलतात आणि सूर चढतो, त्यामुळे जानेवारीतली मादी आणि मे महिन्यातली मादी एका पट्टीत गात नाहीत. नुकती कोषातून निघालेली मादी खालच्या सुरात उडते. तिच्याकडे नर ढुंकून पाहत नाहीत.

नर ऐकतो ते मादी शोधायला. लुई रॉथ यांनी १९४८ साली एडिस इजिप्तीवर जे काम प्रसिद्ध केलं ते अजूनही वाचण्यासारखं आहे. पिंजऱ्याजवळ नादकाटा वाजवला की उडणारे नर जाळीकडे झेपावत आणि मादी समजून कापडालाच पकडत. सूर थांबला की पांगत. नव्याने बाहेर पडलेल्या नराच्या मिशीवरचे केस मिटलेले असतात, त्या वेळी तो जवळजवळ बहिराच असतो. त्याचं पोटाचं टोकही अजून उलटं फिरायचं असतं. दोन्ही गोष्टी जमायला साधारण एक दिवस लागतो. पुढे २००९ साली कॉर्नेलच्याच गटाने दाखवलं की हा मामला एकतर्फी नाही. एडिस नर आणि मादी जवळ आले की दोघंही आपापल्या पंखांचा वेग थोडा कमीजास्त करतात. मादीच्या ४०० ची तिप्पट आणि नराच्या ६०० ची दुप्पट, दोन्ही १,२०० वर येऊन मिळतात. मूळ सूर वेगळे राहतात, वरचे स्वर जुळतात. गाणं शिकलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, आम्हाला फार वाटलं होतं.

बडोद्यासारख्या शहराच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा डास म्हणजे अ‍ॅनाफिलीस स्टिफेन्सी, आपल्या शहरांतल्या मलेरियाचा वाहक, घरांवरच्या टाक्यांत वाढणारा. त्याचा नर दिवसभर मिशीचे केस मिटून बसतो. संध्याकाळ झाली, थवा करायची वेळ आली की केस उभे करतो, कान उघडल्यासारखे. काम झालं की पुन्हा मिटतो. ही केस उभारण्याची यंत्रणा १९७९ साली याच स्टिफेन्सी डासावर उलगडली. अलीकडे, २०२४ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संशोधकांनी एडिसचा ऐकण्याला लागणारा एक जनुक बंद करून बहिरे नर तयार केले. त्यांना माद्यांबरोबर तीन दिवस ठेवलं तरी मीलन झालं नाही. नराचं संसारसुख इतकं कानावर अवलंबून आहे.

आता यंत्राकडे येऊ. अल्ट्रासॉनिक म्हणजे २०,००० हर्ट्झच्या वर. डासाचं ऐकणं २,००० च्या आसपास संपतं. पुढचं मी सांगायला नको.

विक्रेते दोन कारणं देतात. एक म्हणजे वटवाघूळ. वटवाघळं अल्ट्रासाउंड सोडतात, डास खातात, म्हणून डास त्या आवाजाला घाबरतो, असं. रातपतंगांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं आहे, पण त्यांच्यातल्या पुष्कळ जातींना त्यासाठी खास पडद्याचे कान असतात. डासाला नसतात. दुसरं कारण जास्त चलाख आहे: पोटुशी मादी नराला टाळते आणि चावणारी तीच, म्हणून नराचा आवाज ऐकवला की ती पळते. याचा मोबाइल ॲपही मिळतो. एकदा मीलन झालेली मादी पुन्हा नराला सहसा जुमानत नाही हे खरं, पण जुमानत नाही म्हणजे घर सोडून पळते असं नव्हे. तिला अंड्यांसाठी रक्त हवं असतं आणि ते ती कानाने शोधत नाही. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाचा वास, ऊब, ओलावा या खुणांवर ती येते. आपल्याला कानाशी भुणभुण ऐकू येते कारण श्वास तिथेच जवळ सुटतो, आणि ती पायाशी फिरत असेल तर तो बारीक आवाज आपल्यापर्यंत पोचत नाही.

यावर नुसता तर्क नाही, चाचण्याही झाल्या आहेत. २००७ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या पद्धतशीर आढाव्यात प्रत्यक्ष मैदानावर झालेले १० अभ्यास एकत्र तपासले गेले. यंत्र चालू असताना आणि बंद असताना माणसावर बसणाऱ्या डासांच्या संख्येत यंत्राच्या बाजूने काहीही फरक निघाला नाही. त्याआधी २००१ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने असली यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना पत्रं पाठवून दाव्यांचे पुरावे मागितले होते. आणि कागद राहू द्या, नवरात्र आठवा. गरब्याच्या मैदानावर नऊ रात्री जो आवाज असतो त्याने खिडक्यांच्या काचा थरथरतात. तरी कडेला खुर्चीत बसलेल्यांचे घोटे खाजवून लाल होतात. आवाजाने डास पळत असते तर ऑक्टोबरात बडोद्यात डेंगीचा पेशंट दिसला नसता. २०१९ साली एका प्रयोगात कर्णकर्कश इलेक्ट्रॉनिक संगीत लावलेल्या पिंजऱ्यात एडिस माद्या उशिरा आणि कमी चावल्या, म्हणून वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली होती. पण तो बंद पिंजरा होता. तेवढा आवाज रात्रभर जिन्यात लावलात तर डास राहतील की नाही सांगता येत नाही, शेजारी नक्की राहणार नाहीत.

मग आवाजाचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण हाकलायला नव्हे, बोलवायला. आणि येतो तो नर.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असेल तर हायरम मॅक्सिमच्या, पुढे मशीनगनमुळे प्रसिद्ध झालेला तोच. न्यूयॉर्क राज्यात साराटोगा स्प्रिंग्ज इथल्या एका मोठ्या हॉटेलात त्याने विजेचे दिवे लावले होते. तिथे गुणगुणणाऱ्या एका उपकरणाभोवती डासांचा खच पडलेला त्याला दिसला. तपासलं तर सगळे नर. १९०१ साली त्याने लंडनच्या टाइम्सला पत्र लिहून हे सांगितलं. १९४९ साली मॉर्टन कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्यूबातल्या प्रयोगाची हकिगत छापली. मादी डासाचा आवाज ध्वनिमुद्रित करून लाउडस्पीकरवर लावला आणि ओढले गेलेले नर विजेच्या जाळीवर मारले. १९८० च्या दशकात जपानच्या इकेशोजींनी आवाजाच्या सापळ्यांवर बरंच काम केलं. नर मरायचे, प्रश्न तो नव्हता. एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि मादी बहुधा एकदाच मीलन करते. शंभरातले सत्तर नर मारलेत तरी उरलेले तीस काम पूर्ण करतात, म्हणून पुढच्या पिढीत फारसा फरक पडत नाही. मादीचं एकदाच मीलन होत असल्यामुळे जवळजवळ सगळे नर त्याआधीच मारावे लागतात, आणि तेवढी कार्यक्षमता रस्त्यावर लावलेल्या सापळ्यात येत नाही.

म्हणून आज आवाजाचा सापळा मारण्यासाठी कमी आणि मोजणीसाठी जास्त वापरतात. वोल्बाकिया जिवाणू असलेले किंवा नपुंसक केलेले नर डास सोडून एडिसची संख्या घटवायच्या योजना जगात काही ठिकाणी चालू आहेत. सोडलेले नर कुठपर्यंत पोचले, जंगली नरांच्या तुलनेत किती आहेत, हे कळल्याशिवाय योजना आंधळी ठरते. नर माणसाकडे येत नाही, त्यामुळे नेहमीच्या सापळ्यात तो कमी सापडतो. ऑस्ट्रेलियात उत्तर क्वीन्सलंडमध्ये स्कॉट रिची आणि ब्रायन जॉन्सन यांनी अंडी घालायला येणाऱ्या माद्यांच्या साध्या बादलीसारख्या सापळ्यात मादीच्या सुराचं छोटं उपकरण बसवलं. वीज जवळजवळ लागत नाही, आवाज मोठा नसतो, आणि नर आत येतात. आवाज आणि डास यांच्या सगळ्या उद्योगांत हा मला सर्वांत समंजस वाटतो.

अल्ट्रासाउंड एका जागी खरोखर डास मारतो, तेही सांगतो, नाहीतर कुणीतरी ते दाखवून तुम्हाला गोंधळात टाकेल. ही जागा म्हणजे पाणी. अळीच्या पाठीत हवेच्या दोन लांब नळ्या असतात. १८,००० ते ३०,००० हर्ट्झच्या दरम्यान योग्य कंपन पाण्यात सोडलं की नळ्यांतली हवा इतकी थरथरते की नळी फाटते आणि अळी मरते. यात ऐकण्याचा संबंध नाही, हा निव्वळ भौतिक घाव आहे. उपकरणं निघाली आहेत. पण त्यासाठी माणसाला ते घेऊन प्रत्येक भांड्यापाशी जावं लागतं, आणि भांड्यापाशी गेलेला माणूस ते भांडं नुसतं पालथंही करू शकतो. मोठ्या टाकीत, तळ्यात वनस्पती आणि गाळ आडवे येतात. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायच्या यंत्राशी याचा काडीचाही संबंध नाही.

ओळख पटवण्यासाठीही आवाज वापरतात. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या गटाने २०१७ साली दाखवलं की साध्या मोबाइलच्या माइकने डासाची भुणभुण मुद्रित करून जात ओळखता येते. जातींचे सूर एकमेकांत मिसळतात, म्हणून वेळ आणि ठिकाण यांचीही जोड द्यावी लागते. आणि माइक डासाच्या अगदी जवळ न्यावा लागतो, रावपुऱ्यातल्या रहदारीच्या आवाजात तर आणखीच.

यंत्राचे पैसे वाचले तर काय करायचं, ते थोडक्यात, कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस तुमच्याच सोसायटीत जन्मतो. कुंडीखालच्या ताटल्या, कूलर, फ्रीजमागचा ट्रे, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी, अगाशीवरचं भंगार. रात्रीचा क्युलेक्स बहुतेक तुंबलेल्या गटारातून, विश्वामित्री नदीच्या कोतरांत, म्हणजे घळींत, साचलेल्या घाण पाण्यातून येतो, त्यावर सोसायटीचा हात चालत नाही. स्टिफेन्सी टाकीत. टाकीचं झाकण घट्ट असतं, पण ओव्हरफ्लोच्या पाइपाचं तोंड उघडं राहतं आणि मादी तिथून आत जाते. त्यावर नायलॉनची बारीक जाळी तारेने बांधा. तिला काही रुपये लागतात, आणि ती मी फार थोड्या इमारतींवर पाहिली आहे. उन्हाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी. महापालिकेची माणसं पोरा, म्हणजे डासांच्या अळ्या, तपासायला येतात तेव्हा त्यांना जिन्यातूनच वाटेला लावू नका, अगाशीवर न्या. धुराच्या गाडीने त्या घडीला उडत असलेले डास मरतात, टाकीतल्या पोराला कळतही नाही. शेजारच्या खेडा जिल्ह्यात नडियाद तालुक्यात १९८३ पासून मलेरिया संशोधन केंद्राने फवारणीवर भर न देता खड्डे बुजवणं, पाणी झाकणं, गप्पी मासे सोडणं यावर मलेरिया आवरून दाखवला होता. इतकं जवळचं उदाहरण असताना आपण परदेशी डबीकडे का पाहतो, कळत नाही. आणि झोपताना पंखा. डास सेकंदाला मीटरभराच्या आसपास उडतो, पंख्याच्या वाऱ्यात त्याला नीट उडता येत नाही आणि श्वासाचा माग पांगतो. हा पंख्याच्या वाऱ्याचा गुण आहे, घरघरीचा नाही.

नातवासाठी. कुंडीच्या ताटलीतून अळ्या आणि कोष पाण्यासकट उचला. कोष म्हणजे मोठ्या डोक्याचे, वाकडे, काही न खाणारे. रुंद तोंडाच्या बरणीत ठेवून वर मलमल रबराने पक्की बांधा. एक-दोन दिवसांत डास निघतील, आधी मुख्यतः नर. झुबकेदार मिशांवरून ओळखा. मलमलीवर साखरपाण्यात भिजवलेला कापूस ठेवा आणि किमान एक पूर्ण दिवस थांबा, नाहीतर नर बहिरेच असतील आणि प्रयोग फसेल. मग मोबाइलवर सूर काढणारं ॲप घेऊन स्पीकर मलमलीला लावा, आवाज मंद. बरणीला हलकी टिचकी मारून डास उडते करा, कारण बसलेला नर सहसा दाद देत नाही. ३०० पासून ७०० पर्यंत पन्नास-पन्नासने चढत जा आणि प्रत्येक सुराला किती नर स्पीकरकडे येतात ते वहीत मांडा. माद्या काय करतात तेही मांडा. शेवटी तेच मोबाइलवरचं डास पळवणारं ॲप लावून तीच मोजणी करा. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा तक्ता ठेवलात तर माझं हे उत्तर वाचून दाखवायची गरज पडणार नाही.

काळजी एवढीच की बरणीत कुणी हात घालायचा नाही. डेंगीचा विषाणू कधीकधी आईकडून अंड्यांत उतरतो, म्हणून घरी वाढलेली मादी निर्धोक धरू नये. प्रयोग संपला की बरणी बांधलेलीच फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवा. उरलेलं पाणी गटारात नाही, अगाशीवर तापलेल्या फरशीवर ओता. आणि ज्या ताटलीतून अळ्या आणल्या ती काथ्याने घासून धुवा. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात.